आटीव

पहाटे साडेपाचला कडोलीच्या डेअरीत
लॅपटॉप टेकवला मापाच्या टेबलावर.
भरमाण्णांनी आधी खाली गोणपाट घातलं.
ओल लागतीय त्याला, म्हणाले.

रजिस्टर जुनं. अर्धं कन्नडात, आधीच्या सेक्रेटरींचं,
अर्धं यांच्या तिरक्या मराठीत.
बेरजेच्या चुका मात्र दोघांच्या एकाच वळणाच्या.

सांगत होतो:
यादी म्हणजे थांबलेली रांग, अण्णा.
स्ट्रीम म्हणजे तीच रांग, चालती.
आणि कुणी शेवटी आकडा मागेपर्यंत
ती पाऊलसुद्धा उचलत नाही.

म्हणजे टेम्पोगत, ते म्हणाले.
हॉर्न वाजल्याबिगर कोण भांडं उचलतंय?

मग चाळण. लॅक्टोमीटर खाली बुडालेलं दूध बाजूला.
मग लॅम्डा: एका ओळीचं काम.
बाणाच्या डावीकडं घ्यायचं, उजवीकडं द्यायचं.
त्याला नाव नसतं.

का नसतंय?

तिथल्या तिथंच लागतं, एकदा. नाव कशाला ठेवायचं?

ते हसले नाहीत.
हौदावर कॅन घासणाऱ्या पोराकडं बघत राहिले.

रिड्यूसला मात्र मला शब्द सापडेना.
दोन घे, एक दे.
यल्लूबाईचं साडेतीन लिटर, त्यात रुद्राप्पाचं सहा,
त्यात होनगेकरांच्या दत्तूचं पावणेदोन.
हातात कधीच दोनाहून जास्त काही नाही,
आतापर्यंतचं आणि पुढचं.
सव्वाअकरा.
आणि सव्वाअकरातून परत
यल्लूबाई काढता येत नाही.

आटवणं म्हण की, भरमाण्णा म्हणाले.
कुंदा खातोस न्हवं?
कुठल्या म्हशीचं किती, सांगतोस काय खाऊन?

बटण दाबलं. महिना भराभरा ओतला गेला
आणि एका तारखेला अडकला.
त्या दिवशीची यादी कोरी.
बंद होता, ते म्हणाले.
नाक्यावर टायर पेटलेले, टेम्पो तिथनंच मागं फिरला.
कुणाचा बंद, मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
म्हशींना कुणी कळवलं नव्हतं.
घराघरांत दिवसभर दूध आटत होतं,
खालच्या गल्लीत, वरच्या गल्लीत,
आणि संध्याकाळी गावभर तोच एक करपट गोड वास.

सुरुवातीला काही ठेवलं नसेल
तर कोऱ्या यादीवर रिड्यूस शून्य म्हणत नाही.
एक बंद डबी हातात देतो:
उघडून बघा, आत असेल, नसेल.
तुम्हीच शून्य ठेवून सुरुवात केलीत
तर तेच शून्य निमूट परत देतो.
दोन्हीतलं कुठलं लिहू, या विचारात होतो
तेवढ्यात निंगव्वा आली, रिकामी,
पदराला हात पुसत. तिची म्हैस आटलेली.

मी तिच्या नावापुढं शून्य टाकलं.
तिनं पडद्यावर वाकून बघितलं.
सोन्ने अल्ल, म्हणाली. इल्ल.

भरमाण्णांनी चष्मा वर केला.
शून्य नव्हे म्हणतीय ती.
नाही.

मी ते शून्य पुसलं.
त्या तारखेची डबी तशीच, न उघडता, ठेवून दिली.
बाकी महिन्याची बेरीज जुळली,
रजिस्टरपेक्षा नऊ लिटर जास्त.
त्या नऊ लिटरांचं काय झालं असेल
यावर आम्ही दोघंही गप्प.

जाता जाता त्यांनी पानाच्या कडेला
पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. मी चोरून वाचलं:
सिद्राय, कॅन धुणे, चार महिने.

बाहेर टेम्पोचा हॉर्न. रांग हलली.
पोरानं पालथा कॅन सुलटा केला,
आतून वाफ निघाली.
रिकामा आहे ना? मी विचारलं.
रिकामा काय, तो म्हणाला,
धुतलेला हाय.